पाणमांजराचं कुंकू

संग्रह ही संस्कृतीची स्मृती असते आणि संग्राहक हा त्या स्मृतीचा विश्वस्त असतो. हे वाक्य आमच्या वसईच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं की भांडी घासायला येणाऱ्या बाईंनाही ते पाठ झालं होतं. प्रत्यक्षात आमच्याकडची संस्कृती शोकेसच्या वरच्या दोन कप्प्यांत मावत होती, आणि तिच्यातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूनं निळा झगा घालून वर एप्रन बांधला होता.

ही वस्तू म्हणजे मधल्या बोटाएवढं एक पाणमांजर. मादी. या गोष्टीत नवरे दोन आहेत, एक माझा आणि एक पाणमांजराचा. घोटाळा नको म्हणून माझ्या नवऱ्याला इथे 'हे' म्हणते. एरवी म्हणत नाही.

सुरुवात नव्वदच्या दशकात झाली. ह्यांचे साहेब जपानला जाऊन आले आणि ऑफिसातल्या प्रत्येकासाठी काहीतरी घेऊन आले. ह्यांच्या वाट्याला एक ससा आला. आतून प्लास्टिकचा, पण अंगभर मखमलीसारखी बारीक लव, आणि अंगात पँट-शर्ट. तो माझ्या भाचीला वाढदिवसाला द्यायचा असं ठरलं. वाढदिवसाला भाचीला कंपासपेटी मिळाली. ससा टीव्हीवर राहिला. महिनाभरानं त्याला बायको हवी असल्याचं ह्यांच्या लक्षात आलं.

मग ती मिळाली, मुलं मिळाली, आणि सशांपाठोपाठ खारी, अस्वलं आणि हेजहॉग आले. हेजहॉग म्हणजे साळिंदराचा गरीब नातेवाईक. वसईत जहाजावर नोकरी करणारे पुष्कळ. आमच्या गल्लीतल्या अशा दोघांना हे कुठल्याकुठल्या बंदरांत शोधायला सांगत, आणि तेही बिचारे घरच्यांसाठी परफ्युम घेता घेता ह्यांच्यासाठी झगा घातलेलं एखादं जनावर घेऊन येत. पावसाळ्यात आमच्याकडे पापड सादळत, कपडे वाळत नसत, पण शोकेसमध्ये बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या आणि ते दोन कप्पे राजस्थानसारखे कोरडे होते. लवेला बोट लावायचं नाही, धूळ फक्त जलरंगाच्या ब्रशनं काढायची, आणि तीही ह्यांनीच. मी कधीतरी विचारलं की घरातल्या पंख्यांवरही धूळ आहे, तिला कोणता ब्रश. 

या छंदाचं एक मंडळ होतं, हे मला बरंच उशिरा कळलं. दादरला एका सभासदाच्या घरी ते जमत. त्यात एक दाताचे डॉक्टर होते, दोन बँक अधिकारी होते आणि एक निवृत्त मोठे अधिकारी अध्यक्ष होते. मी एकदा गेले होते. प्राण्याचे दोन्ही कान शाबूत असले तर माना डोलत. कानाच्या आतली लव शाबूत असली तर कुजबूज होई. मूळ खोकं निघालं तेव्हा लोक चक्क उभे राहिले.

त्या मंडळात ह्यांना किंमत होती ती पाणमांजरामुळे. फिकट दुधी रंगाची ही जात कारखान्यानं थोडाच काळ काढली आणि बंद केली. हिला ह्यांनी एका जुन्या सामानाच्या दुकानात खेळण्यातल्या बंदुकांखालून उपसून काढलं होतं, आणि तिच्या कपाळावर ओरखडाही नव्हता. हिचा जोडीदार अख्ख्या मंडळात एकाकडेच होता. अध्यक्षांकडे. तो तिथे एकटा होता, ही इथे एकटी होती, आणि मंडळाचा नियम असा की विखुरलेलं कुटुंब जिथे उत्तम राखलं जाईल तिथे एकत्र करावं. कुठे उत्तम, ते अध्यक्ष ठरवणार. शोकेसमध्ये पाणमांजराच्या उजवीकडची जागा ह्यांनी कित्येक वर्षं रिकामी ठेवली होती. ब्रश फिरवताना हे त्या रिकाम्या जागेवरूनही फिरवत.

शेवटी एका चैत्रात अध्यक्षांनी कळवलं की रविवारी ते स्वतः येऊन मादी आणि घर दोन्ही बघतील. सगळं पसंत पडलं तर नर देतील. बदल्यात आमची दोन हेजहॉग मुलं त्यांच्याकडे जातील. ह्यांनी लगेच होकार दिला. मुलांना कोणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. ट्रंका आणि डबे रचून, वर पांढरी चादर टाकून आराशीच्या पायऱ्या मी दरवर्षी करायचे. पाळण्यात गौर, खाली कलिंगडाचं कमळ, करंज्या, आणि आजूबाजूला घरातली शोभेची होती नव्हती ती वस्तू. हे इतकी वर्षं त्या दिवशी मित्राकडे जाऊन बसत. या वेळी म्हणाले, पायऱ्या आहेतच, तर संग्रह मांडू या, लोकांनी कधी नीट पाहिलेलाच नाही. रविवारची रंगीत तालीमही होईल. मी म्हटलं, बायका येतील, लोक नाही. तरी ह्यांनी सगळी कुटुंबं पायऱ्यांवर मांडली, पाणमांजर गौरीच्या जवळ ठेवलं, पुठ्ठ्यावर 'कृपया स्पर्श करू नये' असं लिहून लावलं, आणि माहिती सांगायला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पन्हं प्यायला आलेल्या बायका एका पुरुषाकडून सशांचा इतिहास ऐकत होत्या. आमच्या सोसायटीतल्या बायका सोशिक.

मग तळमजल्यावरच्या आजी आल्या. आमची इमारत ज्या वाडीवर उभी होती ती त्यांची. वाडी बिल्डरला दिली तेव्हा तळमजला त्यांच्या घरच्यांनी स्वतःकडे ठेवला होता, आणि जिन्यात कुणी काय ठेवावं इथपासून सगळ्या गोष्टींत त्यांचा शब्द शेवटचा असे. वर्गणी मागायला येणारे सेक्रेटरीसुद्धा त्यांच्यासमोर चपला काढून उभे राहत. आजोबा खाली ओट्यावर विडी ओढत बसलेले असत. पाटी वाचायचा आजींना प्रश्नच नव्हता, कारण त्यांना वाचता येत नव्हतं.

त्या आराशीसमोर वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही पानमांजर," त्या म्हणाल्या. "आमच्या खाडीत व्हती पूर्वी. जाळ्यातले मासे पळवायची. हिला झगा कुनी घातला?"

ह्यांनी सांगितलं की झगा मूळचा आहे, आणि ही आई आहे.

"मंग घोव कुठं हिचा?"

या ठिकाणी कुठल्याही समंजस माणसानं हे खेळणं असल्याचं सांगितलं असतं. पण ह्यांना छंदात चुकीची माहिती द्यायला आवडत नसे.

"आहे ना," हे म्हणाले. "मुंबईला असतो. रविवारी यायचाय."

"मंग सवाशीन हाय ही," आजी म्हणाल्या, "आनि कपाळ उघडं?"

आमच्याकडे कुंकू लावताना कुणाच्या नवऱ्याची चौकशी करायची नाही, सरसकट सगळ्यांना लावायचं, असं मी पूर्वीच ठरवलं होतं. पण तो नियम माणसांपुरता होता. माझ्या हातातली हळदीकुंकवाची कुयरी आजींनी घेतली आणि पाणमांजराच्या दुधी कपाळावर आधी हळदीचं आणि मग कुंकवाचं बोट दाबून टेकवलं. त्यांच्या बोटाच्या मानानं कपाळ फारच लहान होतं. उरलेलं नाकावर गेलं.  वयानं मोठ्या बाईनं सुरुवात केल्यावर बाकीच्यांना मागे राहता येईना. पाठोपाठ सगळ्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, आणि एकीनं एप्रनला पदर समजून तिची भिजवलेल्या हरभऱ्यानं ओटीही भरली. एकच हरभरा मावला.

सशिणीला आणि अस्वलिणीला ह्यांनी वेळेवर उचलून स्वयंपाकघरात नेलं म्हणून त्या वाचल्या.

बायका गेल्यावर हे पाणमांजर घेऊन बेसिनपाशी बसले. कोरड्या कापसानं कुंकू पसरलं. ओल्या कापसानं आत मुरलं. शेवटी धीर करून साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे कुठल्याही बाईला माहीत असतं. मी सांगायच्या आत ते ह्यांनाही माहीत झालं. आता कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत सगळं लाल होतं, मळवट भरल्यासारखं. झगा मात्र स्वच्छ होता.

मी म्हटलं, फोन करून अध्यक्षांना पुढची तारीख सांगा. हे म्हणाले, विश्वस्ताला लपवाछपवी करता येत नाही. शनिवारी हे नीट जेवले नाहीत. मला या सगळ्या प्रकाराचं हसू येत होतं, पण रिकाम्या जागेवरून ब्रश फिरवणारा माणूस समोर बसलेला असताना ते बाहेर काढता येत नव्हतं.

रविवारी अध्यक्ष उशिरा आले. हायवेवर चिंचोटीला चुकून कामणच्या रस्त्याला लागले होते, परत फिरले ते वालीवच्या कारखान्यांमधली धूळ घेऊन पोचले. सफारी सूट, हातात एक चपटी पेटी. सोफ्यावर बसून त्यांनी आधी घर विचारलं. खिडकी कोणत्या दिशेला, घरात ओल किती, लहान मुलांची ये-जा आहे का, शेजार कसा आहे. मला बघायला आले होते तेव्हा साधारण हेच प्रश्न झाले होते. गाता येतं का, तेवढं या वेळी विचारलं नाही. मी पोहे आणून ठेवले. त्यांनी ते खाल्ले, हात धुतले, खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले आणि मादी बघू या म्हणाले.

भिंगातून ते फार वेळ बघत होते. मग पाणमांजर अलगद टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं की हा प्रकार दुःखद आहे, मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही, आणि या अवस्थेतल्या मादीकडे नर देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ह्यांनी फक्त मान हलवली, जणू निकाल आपल्यालाही मान्य आहे. ते मला वादावादीपेक्षा वाईट वाटलं.

दार उघडंच होतं. आजी केळ्यांचा घड घेऊन आत आल्या.

"आला का गं बाय, तिचा घोव?"

त्या थट्टा करत होत्या की खरंच विचारत होत्या, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कशाचाच पत्ता लागत नसे. मी म्हटलं, आलाय, पण ह्या साहेबांच्या पेटीत आहे, आणि ते त्याला परत नेताहेत. आजी खुर्ची ओढून अध्यक्षांच्या समोर बसल्या आणि कारण विचारलं. अध्यक्षांनी त्यांना लवेचं महत्त्व, मूळ स्थितीचं महत्त्व आणि मंडळाची तत्त्वं सौम्य शब्दांत सांगितली. निवृत्त अधिकाऱ्याला सौम्य बोलायची सवय असते. शेवटी, आपण अगदीच कठोर नाही हे दाखवायला असावं, ते म्हणाले, "ठीक आहे आजी. हिच्या कपाळावरचं पुसून निघालं, तर मी पुन्हा विचार करीन."

"काय पुसून?" आजींनी विचारलं.

 अध्यक्षांनी आजींच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्या. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं. मोठ्या हुद्द्यावर काम केलेला माणूस, इंग्रजीतून भाषणं करणारा, पण लहानपणी त्यांच्याही घरात हा शब्दप्रयोग दिवेलागणीला कुणी केला असता तर आईनं पाठीत धपाटा घातला असता. ते "म्हणजे तसं नव्हे" असं म्हणाले आणि थांबले, कारण मग कसं, ते सांगायला शब्दच नव्हते.

"घोव तुझ्या पेटीत," आजी आवाज न चढवता म्हणाल्या, "आनि हिचं कुंकू पुसाया सांगतोस. जेवला का नाय तू सकाळपास्नं?"

अध्यक्ष म्हणाले की पोहे झाले.

त्यानंतर त्यांनी हातमोजे काढले, हे मी पाहिलं. पेटी उघडली. आत गर्द निळ्या मखमलीवर, छातीवर दोन्ही हात घेऊन, पट्ट्यांच्या शर्टातला नर आडवा झोपलेला होता. त्यांनी तो उघड्या हातानं उचलून ह्यांच्या तळहातावर ठेवला.  जाता जाता अध्यक्षांनी दारात उभं राहून जाहीर केलं की मादीची नोंद यापुढे सदोष अशी न होता 'स्थानिक संस्कारित प्रकार' अशी होईल आणि बहुधा हा प्रकार जगात एकमेव असावा. त्यात चूक काही नव्हती. दोन हेजहॉग मुलं आणि अर्धा डझन केळी घेऊन ते गेले. आजींनी नराला गंध लावायचा विषय काढला होता, पण ह्यांनी त्यांना आग्रहानं खालपर्यंत पोचवलं.

संध्याकाळी शोकेसची काच सरकवून ह्यांनी त्याला पाणमांजराच्या उजवीकडे, त्याच्यासाठी राखलेल्या जागेवर ठेवलं आणि दोन पावलं मागे आले. तो पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. ह्यांनी त्याला टेबलावर घेऊन भिंगाखाली धरलं. त्याचा डावा पाय मुळातच आखूड आहे. अध्यक्षांकडे तो पहिल्यापासून पेटीत आडवा असल्यामुळे मंडळात कुणालाही हे माहीत नव्हतं.