दोघांचा वेताचा सोफा

"मधात नका बसू, काकाजी! अजी, मधात नका बसू!"

दुकानदार असा ओरडला की जरीपटक्याच्या बाजारातल्या निम्म्या भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले असतील. मी घाबरून उठायच्या ऐवजी आणखीच दाबून बसलो. तो जुन्या कपाटांच्या मधून धावत आला, माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि तुळशीची कुंडी उचलावी तसं उचलून मला एका स्टुलावर ठेवलं. माझं वजन पाहता या माणसाच्या नावानं चौकात एखादी कमान उभारायला हवी.

"दोघाइचा सोफा आहे हा," तो धापा टाकत म्हणाला. "एक जण इकडे बसते, एक जण तिकडे. मधात जो आडवा दांडा आहे ना, त्याच्यात दोन्हीकडची जाळी ओवली आहे. त्याच्यावर माणसानं बसाचंच नसते. साठ-सत्तर वर्षांत कोनी बसलं नाही तिथं. तुम्ही काहून बसले?"

मग त्यानं मला नीट पाहिलं. चपलांपासून चष्म्यापर्यंत.

"घरी एकटेच राहता काय?"

आता या प्रश्नाला 'हो' म्हटलं असतं तर एका अक्षरात काम झालं असतं. पण एका अक्षरात काम उरकायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

"एकटा? अकरा माणसं आहेत घरात! सकाळी संडासासाठी मी टोकन वाटतो. चहाचं पातेलं चढवायला दोघं लागतात."

"मंग मधात काहून बसले?"

"घरातला कर्ता मधातच बसते," मी म्हणालो आणि स्टुलावर ऐटीत पाय पसरले.

खरं सांगायचं तर सक्करदऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो, मी आणि कूलर. त्यातही बोलतो तो कूलरच, तेही मार्च ते जून. बायकोच्या आजारपणात हॉलमध्ये भाड्याचा पलंग लावायचा होता, दवाखान्यातल्यासारखा, डोक्याकडून वर होणारा. त्याला जागा हवी म्हणून मी घरातला सोफासेट देऊन टाकला. नंतर तीही गेली आणि पलंगही परत गेला. त्याला तीन वर्षं झाली. हॉल इतका मोकळा झाला की मी शिंकलो तर शिंक बाल्कनीपर्यंत जाते, तिथून परत येते आणि विचारते, कोण आहे?

उरली एक प्लास्टिकची खुर्ची. आणि एक खुर्ची असलेल्या घराची गंमत काय असते, ते ज्याच्याकडे दोन आहेत त्याला कळणार नाही. पाहुणा येतो. मी उठतो, खुर्ची त्याला देतो. मी उभा, तो बसलेला. घरचा यजमान समोर खांबासारखा उभा असताना कोणता भला माणूस निवांत चहा पिईल? तो म्हणतो, "तुम्ही बसा." मी म्हणतो, "नाही, तुम्ही." शेवटी दोघंही उभे राहतो, आणि उभा माणूस दोन मिनिटांत 'येतो बरं' म्हणतो. मी आतल्या झोपायच्या पलंगावर बसून पाहिलं, तर पाहुण्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही. असं करता करता येणं-जाणं आटलं. दारात कुरिअरवाला तेवढा येतो, आणि त्याला आत बोलावलं तर तो पळतो.

म्हणून माझं शास्त्र असं तयार झालं: माणसं येत नाहीत कारण बसायला जागा नाही. जागा करा, माणसं येतील. दोघांची जागा पुरे. मला काही लग्नाची पंगत बसवायची नव्हती.

आधी मी रामदासपेठेतल्या एका शोरूममध्ये गेलो होतो. तिथला सोफा इतका मऊ, की बसलो आणि गुडघे कानाला लागले. वाटलं आता इथंच समाधी. दोन विक्रेत्यांनी हात धरून वर काढलं. घरी कोण काढणार? चार दिवसांनी शेजाऱ्यांना वास आल्यावर? एकट्या माणसानं नवा सोफा घेऊच नये, हे मी तिथं शिकलो. जुना घ्यावा. जुन्याची बैठक उंच, पाठ ताठ, आणि हात असे भक्कम की त्यांना धरून माणूस आपल्या हिमतीवर उठतो.

हा वेताचा सोफा मला दारातूनच दिसला होता. मी तो उलटा करून पाहिला. आमचं घराणं उमरेडचं, हातमागाचं. माझा बाप लुगड्याच्या पोताला अंगठा लावून सांगायचा की विणणारा त्या दिवशी बायकोशी भांडला होता की नाही; आणि भांडण कशावरून, तेही सांगायचा. मी जन्मभर कारकुनी केली, पण अंगठा बापाचाच आहे. जाळी उजेडाकडे धरली. आठ कोनांची भोकं, ओळीनं, एकही वेत सैल नाही. सागवानाचे सांधे लाकडी खुंट्यांचे, लोखंडाचा खिळा औषधाला नाही. कोपरा धरून तिरका हलवला तर चकार शब्द काढेना. नख लावून वास घेतला तर अजून तेलकट.

पण माझं मन बसलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. सोफ्याचे दोन्ही हात हातांनी घासून गुळगुळीत झाले होते. डावा जेवढा, उजवा तेवढाच. म्हणजे वर्षानुवर्षं त्यावर दोन माणसं बसली होती, आणि कोणी कोणापेक्षा कमी बसलं नव्हतं. हे पाहून मी जो भुललो, तो थेट मधोमध जाऊन बसलो. तीन वर्षांत दुसऱ्यासाठी बाजू सोडून बसायची सवयच मोडली होती.

"देता का मग?" मी स्टुलावरून विचारलं.

"देतो. पन दोघं या," दुकानदार म्हणाला. "दोघं बसा, मंगच देतो. एकानं बसून पाह्यलं तर सोफा खोटं बोलते. एक बाजू दबली की दुसरी वर उचलते, सांधा कुरकुरते का नाही समजत नाही. हे जाळी विणणारे आता शोधून भेटत नाहीत. तुटली तर तुम्ही माह्याच दारात येसान."

"अहो पण..."

"अकरा जण आहेत ना घरी? त्यातला एक आणा. रविवारपर्यंत ठेवतो."

थाप मारावी तर नेमकी, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. दोन म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, ऑनलाइन मागवा ना. आवडला नाही तर परत नेतात." मी म्हटलं, "सोफ्याचं नाही रे, बसायला माणूस पाहिजे." तो म्हणाला, "दिवाळीत येतो ना मी." दिवाळीला पाच महिने होते. ऑफिसातल्या दोन जुन्या मित्रांपैकी एकाचे गुडघे गेलेले, दुसरा नातवापायी बंगलोरला. शनिवार संध्याकाळपर्यंत अकरातला एकही जमेना.

राहिले समोरच्या फ्लॅटमधले. वीज खात्यातून रिटायर झालेले, माझ्याच वयाचे. त्यांच्या दारासमोर चपलांचा डोंगर: सुनेच्या, नातवंडांच्या, पाहुण्यांच्या. माझ्या दारासमोर तीन जोड, तिन्ही माझेच. बरं दिसतं म्हणून ठेवतो. सात वर्षांत आमचं संभाषण असं: मी विचारायचो, "पाणी आलं काय?" ते म्हणायचे, "आलं." किंवा, "नाही." गंभीर विषयांत आम्ही कधी शिरलो नव्हतो.

बेल दाबली.

"भाऊ, उद्या माझ्यासोबत बसाल काय?"

"कुठं?"

"सोफ्यावर."

"कोनाच्या?"

"अजून कोणाचाच नाही. विकत घ्यायचाय."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

त्यांनी आत पाहिलं. आत टीव्ही, कुकर आणि दोन नातवंडांची मारामारी एकदमच चालली होती.

"चाला," ते म्हणाले. "उद्या कायले, आताच चाला."

"दुकान बंद झालं असेल."

"मंग उद्या."

सकाळी ऑटोत मी त्यांना सगळं पढवलं. "तुम्ही माझे साळे. उमरेडहून आलात. घरात अकरा माणसं आहेत, त्यांतले तुम्ही चौथे." ते म्हणाले, "बरं."

आम्ही बसलो. मी या टोकाला, ते त्या टोकाला. सोफ्यानं एकच बारीक आवाज केला, घसा साफ केल्यासारखा, आणि गप्प झाला. दुकानदार खाली वाकून सांधे बघत होता. तेवढ्यात भाऊंनी पायावर पाय घेतला, आणि त्यांचं वजन त्या जाळीतून, मधल्या दांड्यावरून, माझ्याखाली येऊन पोचलं. अगदी थोडंसं. मी पाहिलं नव्हतं तरी मला कळलं की बाजूला बसलेल्या माणसानं कूस बदलली आहे. मी भिंतीवरच्या बंद घड्याळांकडे बघत बसलो. कुणी काही विचारू नये असं वाटत होतं, आणि मी तर कधी पाच मिनिटं गप्प बसलेला नाही. त्या दिवशी बसलो.

"हे कोन तुमचे?" दुकानदारानं उभं राहत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "समोर राह्यतो."

मी मान खाली घातली. दुकानदार हसला नाही. "बसनारा आनला ना, झालं," तो म्हणाला. "सोफा चांगला आहे. घेऊन जा."

सोफा मागच्या टेम्पोत आणि आम्ही पुढं ऑटोत. मला इतकी वाचा फुटली की ऑटोवाल्यानं दोनदा वळून पाहिलं. मी सांगितलं, सोफा बाल्कनीच्या दाराशी ठेवणार, तिथं तळ्याकडून असा वारा येतो की टोप्या उडतात. सांगितलं, मी चहा असा करतो की मेलेला उठून साखर मागेल. भाऊ ऐकत होते, किंवा रस्त्याकडे बघत होते. त्यांच्याबाबतीत दोन्ही सारखंच दिसतं. आमची गल्ली आली तसा माझा आवाज आपोआप खाली आला.

"भाऊ," मी म्हटलं, "आता बसायला जागा झाली. संध्याकाळचे येत जा ना. उजवी बाजू तुमचीच समजा."

त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि ऑटोतून उतरले.

"आमच्याकडे आहे सोफा," ते म्हणाले.