लाल पेन्सिलीतला लेट पास

देवाच्या कारभारात चुका काढून त्या देवाच्याच पुस्तकात लाल पेन्सिलीने लिहून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मामा विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात टाइमकीपर होते. सकाळचा भोंगा झाला की फाटक बंद. त्यानंतर आलेल्याला आत जायचं तर मामांच्या सहीचा लेट पास लागे, आणि ती सही मिळवणं रेशनवर साखर मिळवण्यापेक्षा कठीण. सख्ख्या मेव्हण्याला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यांनी तीन मिनिटांसाठी घरी पाठवलं होतं. वर त्याच दिवशी आमच्याकडे जेवायला आले आणि भात जरा कच्चा राहिलाय म्हणाले.

हा माणूस ख्रिस्ती धर्मशास्त्रात शिरला तो शेजारधर्म म्हणून. मामांची नि आमची चाळ एकच, आणि तिथे आमच्या शेजारच्या खोलीत बाई राहत. नगरकडच्या ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणायचे. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली आणि रोजचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचणं, अडलं. मला म्हणाल्या, "सूनबाई, तू वाचशील का गं?" माझ्यामागे पोळ्यांची घाई. मामा तिथेच बसले होते. म्हणाले, "वाचूचाच आसा तर मी वाचतंय. साडेपाचाक. पण मधी कोणी बोलूचा नाय." आणि मधे बोलायला लागले ते स्वतःच.

सहा दिवसांत जग झालं आणि सातव्या दिवशी सुटी, हे वाचून पहिल्या दिवशी ते जाम खूश होते. साप्ताहिक सुटी देवालासुद्धा कळते, आमच्या मॅनेजरला कळत नाही, म्हणाले. गाडं अडलं जलप्रलयाशी. सगळे प्राणी जोडीजोडीने तारवात चढले ते ठीक, पण गोगलगाय किती वाजता पोचली? तिच्यासाठी दार उघडं ठेवलं असेल तर ते कुठल्या नियमात बसतं? बाई हसून हसून खोकायला लागल्या. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव सोडून जाणाऱ्या मेंढपाळावर तर मामांनी चौकशीच बसवली. "तो एकाच्या पाठसून गेलो, मगे गेटार कोण होतो?" समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, 'बदली माणूस नाही.' बाईंना दिसत नाही म्हणून बरं, असं मी एकदा म्हणाले, तर बाई म्हणतात, "अगं, पेन्सिल करकरते, मला ऐकू येतं. लिहू दे. इतकं मन लावून आमच्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा वाचत नाहीत."

पण खरं भांडण द्राक्षमळ्याच्या गोष्टीवरून. मळ्याचा मालक सकाळी माणसं कामावर घेतो, दुपारी घेतो, दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी घेतो, आणि मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच देतो. मामा ताडकन उठलेच. "ह्यो खंयचो न्याय? उद्या सगळे पाचाक येतले!" बाई शांतपणे म्हणाल्या, "मालकाची मर्जी, टाइमकीपर." "मगे टाइमकीपर कशाक ठेवलो?" असं म्हणून मामांनी समासात भलंमोठं 'अन्याय' लिहिलं. तरी बाई त्यांना तीच गोष्ट परत परत वाचायला लावत. का, ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं. बाईंचा एकुलता एक मुलगा लग्नावरून भांडून घर सोडून गेला होता. गेला कुठे, तर साकीनाक्याला, एका वर्कशॉपमध्ये. बसने जेमतेम अर्धा-पाऊण तास, पण नऊ वर्षं फिरकला नव्हता. बाई त्याची वाट बघत होत्या.

आता सांगते ते मी तेव्हा बाईंना सांगितलं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी तो आला होता. हातात केकचा खोका. मी नळावर होते आणि मामा जिन्यात. मामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, खरंच बघितलं हो, आणि म्हणाले, "नऊ वर्षां लेट. गेट बंद." तो मान खाली घालून परत गेला. माझं डोकंच सणकलं. "मामा, हे काय केलंत? हा काय तुमचा कारखाना आहे?" तर म्हणाले, "बाईंची नजर गेली तेवा खंय होतो तो?" आणि साडेपाचच्या ठोक्याला वाचायला बसले. त्या दिवशी पेन्सिल काही करकरली नाही. मी पंधरा दिवस त्यांच्याशी अबोला धरला, पण बाईंपाशीही तोंड उघडलं नाही. माझंही चुकलंच.

फेब्रुवारीत बाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा. त्या संध्याकाळी बाईंनी पुन्हा मळ्याची गोष्ट वाचून घेतली आणि म्हणाल्या, "माझा मुलगा शेवटच्या तासाला आला ना, तरी मी त्याला पूर्ण हजेरी देईन." मामांनी पुस्तक मिटलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजले, मामांचा पत्ता नाही. सहा वाजले. बाई बेचैन झाल्या. "सूनबाई, टाइमकीपरांना काही झालं तर नाही ना?" पावणेसातला मामा आले, घामाघूम, आणि मागे तो, हात ग्रीसने काळे झालेले. मामा दारातून बाजूला झाले. "बाई, ह्यो नाताळाक इलो होतो. मीच परत धाडलंय." बाईंनी नुसता हात पुढे केला. मुलगा त्या हातात तोंड खुपसून रडायला लागला. त्याच्या केसांतून बोटं फिरवत बाई म्हणाल्या, "टाइमकीपर, तुम्ही एकाच्या मागे गेलात. मग गेटवर कोण होतं हो?"

"कोणीच नाय," मामा म्हणाले. "उघडा टाकून गेलंय."

मला हसू आलं आणि रडूही. डॉक्टरांचा आठवडा बाईंनी बारा दिवस पुरवला आणि बाराही दिवस मुलगा उशाशी होता. पुस्तक त्या मामांना देऊन गेल्या. मामाही गेले, आता ते माझ्याकडे आहे. परवा माळा आवरताना सापडलं म्हणून उघडलं. मळ्याच्या पानावरचं 'अन्याय' तसंच आहे, मामा कसलं खोडतायत! फक्त त्याच्या खाली, लेट पासवर करायचे तशी, त्यांची लाल सही आहे.