चालताना बोलत राहायचं

"छातीत कळ कधीपासून येतेय?" ओरोसच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी कार्डिओग्रामचा कागद बघत विचारलं.

"सकाळपासना," ह्यांनी खाली मान घालून सांगितलं.

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मधे माझ्यासमोर बसून हे कढी-भात जेवले होते. मला इतका राग आला, की रडायचंच राहून गेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक आहे, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडलीय.

गोव्याला नेऊन अँजिओप्लास्टी केली. बंद नळी फुग्याने उघडून आत बारीक जाळी बसवतात. घरी आल्यावर मी ह्यांना खाटेवरून हलूच देईना. आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यात ह्यांचा जन्म गेला. समुद्रात टाकलेलं मोठं जाळं सगळे मिळून दोराने किनाऱ्यावर ओढतात, ती रापण. "परत दोर धरूक मिळात मा?" हे विचारायचे. मी भांडी घासायला उठायची.

महिन्याने ओरोसला तपासणीला गेलो, तर तिथे एक शिकाऊ डॉक्टरीण होती. "काकी, त्यांना झोपवून ठेवू नका. व्यायामही औषधच आहे, फक्त बेताने घ्यायचं." ह्याला म्हणे कार्डियाक रिहॅबिलिटेशन म्हणतात, म्हणजे हृदयाला हळूहळू पुन्हा कामाला लावायचं. रोज चालायचं, पण चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करायचा. ही टॉक टेस्ट.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर निघालो. मी दहा प्रश्न विचारले, हे गप्प. माझं धाबं दणाणलं. रिक्षा करून थेट ओरोस गाठलं. त्याच डॉक्टरणीने नाडी बघितली, रक्तदाब बघितला, व्हरांड्यात चालवलं. सगळं ठीक होतं.

"घरी किती बोलतात?"

"मीठ मागण्यापुरते," मी म्हटलं.

ती हसली आणि वहीत लिहू लागली. "माणूस मुळात बोलका आहे का, हे आधी विचारायचं. मला सुचलंच नाही."

मग त्या टेस्टसाठी तरी ह्यांना चालताना बोलणं भागच पडलं. आधी वारा, मग मासे, मग माणसं. एकदा म्हणाले, गोव्याला टेबलावर झोपवलं तेव्हा मी खूप भ्यायलो होतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, भीती हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तुमच्या घरी असं आजारपण आलं, तर माणसाच्या बाजूने चाला आणि त्याला बोलतं करा, एवढंच मी सांगेन.

चार महिन्यांनी ती डॉक्टरीण स्वतः आचऱ्याला आली. दोर ओढायला किती जोर लागतो, हे तिच्या पुस्तकात नव्हतं. तिने आधी स्वतः दोर ओढून पाहिला, तळवे लाल करून घेतले, मग मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. दोर थोडाच वेळ धरायचा, तोही शेवटच्या टोकाला, जिथे जोर कमी लागतो, असं ठरलं.

ह्यांनी दोर धरला. मी बाजूने चालत होते. "बरा वाटता मा?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारणार, तोच ह्यांनी आपणहून दोर सोडला आणि वाळूत बसले.

"दम लागलो," हे म्हणाले. "बस गो माझ्याकडे."