कानाने लावलेला ब्रेक

"ब्रेक डोळ्यांनी नाही, कानाने लावायचा असतो," हे त्याचं वाक्य ऐकून ऐकून गल्लीतल्या मांजरांनाही पाठ झालं होतं. जुन्या मोटारसायकलींचा हा मिस्त्री. लोक त्याला कानसेन म्हणायचे आणि तोही फुशारून जायचा. चाक हवेत उचलून फिरवायचा, डोळे मिटायचा, चाकातला ब्रेकचा शू ड्रमला जेमतेम शिवल्याचा बारीक आवाज आला की नट अर्धा फेरा मागे. झालं काम. मोजायची पट्टी त्याच्या पेटीत गंजून गेली होती.

वडिलांची मोटारसायकल दोघा भावांत एकच. हा तिला सांभाळायचा आणि धाकटा तिच्यावरून हिंडायचा. धाकटा शिंपी, कापड बेतण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी देखणी, पण पुढचा ब्रेक नावालाच. "दादा, हा ब्रेक नाही, विनंतीअर्ज आहे," धाकटा म्हणायचा. शेवटी दादाने मनावर घेतलं.

शू ढकलणाऱ्या एकाच कॅमची जुनी ब्रेक-प्लेट काढून त्याने दोन कॅमची मिळवली. हिच्यात दोन्ही शू फिरत्या ड्रमबरोबर आपणहून घट्ट होत जातात आणि गाडी जागच्या जागी थांबते. ड्रम लेथवर घासून गोल करून घेतला. शूंना घर्षणाचं नवं लायनिंग चिकटवलं, ते ड्रमच्या मापाला आणलं, केबल बदलली. सगळं यथासांग. राहिलं फक्त दोन कॅम जोडणाऱ्या दांडीचं माप, म्हणजे शू ड्रमपासून किती लांब राहणार ते. ते अर्थातच कानाने.

आणि कान तर दोन वर्षांपासून दगा देत होते. घड्याळाची टिकटिक गेली, दाराची कुरकुर गेली. बायकोला वाटायचं, हा मुद्दाम कानाडोळा करतो. त्याला स्वतःला खरं काय ते ठाऊक होतं. पण कानसेनाला ऐकू येत नाही हे सांगायचं कोणत्या तोंडाने? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने चाक फिरवलं, डोळे मिटले. काही नाही. दांडी थोडी वाढवली, शू ड्रमच्या जवळ आणले. काही नाही. आणखी वाढवली, तेव्हा कुठे खरखर ऐकू आली. मग सवयीने अर्धा फेरा मागे. मोकळं फिरायचं सोडून चाक दीड फेऱ्यातच थांबतंय हे त्याला दिसलं. नवं लायनिंग आहे, चार दिवसांत बसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मनात पाल चुकचुकली होती, पण तिच्याकडे लक्ष देणं त्याला परवडणारं नव्हतं.

"झालं का दादा?" दारात उभ्या असलेल्या धाकट्याने विचारलं.

"एकदम बरोबर. जा घेऊन."

उतारावर घासणारे शू तापले, फुगले आणि पुढचं चाक अडकलं. धाकटा उजव्या हातावर पडला आणि त्या हातावर गाडी. अंगठा आणि दोन बोटं आता हलणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गाडी घरी आणल्यावर थोरल्याने ती पुन्हा स्टँडवर चढवली आणि चाक फिरवलं. आतून बायको ओरडली, "बंद करा हो ते! दात शिवशिवतात."

"काय झालं?"

"घासतंय ना! इथे ओट्यापाशी ऐकू येतंय मला."

त्याने पुन्हा फिरवलं. कान चाकाला लागेल इतका वाकला. काही नाही. तो तिथेच जमिनीवर बसला. त्याला स्वतःची किळस आली. भावाच्या हातापेक्षा आपल्याला आपलं नाव मोठं वाटलं, हे त्याला आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. खाटेशी उभं राहून त्याने एका दमात सांगून टाकलं, "तुझा हात मी घालवला. मला ऐकूच येत नाही रे. दोन वर्षं झाली."

धाकट्याने प्लॅस्टरकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "घासत होतं. मला ऐकू आलं होतं, दादा. पण तू लावतोयस म्हटल्यावर मी कोण बोलणार?"

खाटेची दांडी धरून थोरला नुसता उभा राहिला. त्याला ऐकू गेलं नसावं असं वाटून धाकट्याने तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने, एकेक शब्द तोडून. शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली.