पुढच्या फडाची वाट

चौसाळ्याच्या विमलबाईचा जन्म ऊस तोडण्यात गेला. लेक मनिषा पीएचडी करून जर्मनीत संशोधनाला गेली, तिचा करार दोन वर्षांचा अन् व्हिसाही तेवढाच.

"म्हंजी हंगामच की!" विमलबाई फोनवर म्हणाली. "पर एकटीला कसं घेतलं गं? आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हंजी अर्धा कोयता."

"हितं एकटीलाच घेतात, आई."

"अन् मुकादम?"

"माझी प्रोफेसर, बाई हाय. करार संपायच्या आत पुढची नोकरी कुठं बघायची, तेबी तीच शिकवती."

विमलबाईनं पाहिलेला एकूण एक मुकादम, माणूस दुसऱ्या टोळीत जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचा.

"त्या बाईला कुणी दाखवली आसंल गं वाट?"