मन्नतीची चोटी
शेजारी दर गुरुवारी लोबान जाळतात. त्याचा धूर खिडकीतून आला की मला मुलाची चोटी आठवते. आधीची दोन लेकरं गेली, हा तरी जगावा म्हणून मी उमरखेडजवळच्या दर्ग्यावर मन्नत मागितली होती. त्याच्या डोक्यावर एक बट वाढवली होती, पाच वर्षांचा झाला की ती दर्ग्यावरच कापायची होती. आठ दिवस उरले होते, तेव्हा नवरा नमाज-रोजा शिकवत फिरणाऱ्या जमातीसोबत चाळीस दिवस मशिदीमशिदींतून फिरून घरी आला. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी दिल्लीकडच्या नमाज विसरलेल्या शेतकऱ्यांना बुजुर्गांनी गावोगाव जाऊन शिकवलं, तिथून हे काम सुरू झालं, असं तो जेवताना कौतुकानं सांगत होता. मग मुलाला जवळ घेऊन त्यानं माझी शिवणाची कात्री मागितली. "कबरीतल्या माणसाले कायले मागतं? अल्लाले सरळ माग." सासू म्हणाली, "लय शहाणा झाला रे! तुलेबी मी तिथूनच मागून आणलं." तो हसला, "देणारा अल्लाच होता, अम्मा." कात्री मीच आणून दिली आणि खाली पडलेली बट उचलून डबीत ठेवली. मुलगा आता बापाहून उंच झाला आहे. तरी त्याला जरा ताप आला की मी अल्लालाच मागते, आणि मागताना ती डबी माझ्या मुठीत असते.