न लागलेली लाथ

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, कराटेचे मास्तर. मी मालिकांसाठी नट निवडतो. कराटेची मालिका आली, तेव्हा काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला घालायचा? नेलं त्यांनाच.

चाचणीत त्यांनी खराखुरा ठोसा हाणला आणि नायक पोट धरून खाली बसला. फाइट मास्टरने कपाळाला हात लावला. "मास्तर, इथे लागायचं नसतं, दिसायचं असतं. ठोसा वीतभर अलीकडे थांबवा. आणि समोरच्याने हात उगारला की उडून पडा."

भाऊजी शिकले. वर्षभर वेगवेगळ्या मिशा लावून ते नायकाचा मार खात गादीवर पडत होते, आणि पडायचेही काय झकास!

इकडे क्लासात कुजबुज सुरू झाली. "टीव्हीवर मार खाणारा माणूस काय शिकवणार?" दोन-चार पालकांनी मुलं काढून घेतली. हे भाऊजींच्या जिव्हारी लागलं. लोकांची तोंडं बंद करायला त्यांनी स्पर्धेत नाव दिलं. सगळा क्लास बघायला आला होता. पुढच्या रांगेत त्यांची मुलगी, शेजारी मी.

समोर निम्म्या वयाचा गडी होता. भाऊजींचा ठोसा सुटला आणि वीतभर अलीकडे थांबला. दुसराही तसाच. अंगाला टेकल्याशिवाय गुण नाही, त्यामुळे पंच ढिम्म. मग त्या गड्याने लाथ उचलली. ती पोचायच्या आतच भाऊजींनी मान झटकली, गिरकी घेतली आणि धाडकन उताणे पडले. वर्षभराचं अंगवळणी पडलेलं, दुसरं काय!

"सर, मी लावलीच नाही हो," गडी घाबरून म्हणाला.

हॉल हसायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना तिथे नेणारा मीच ना!

कपडे बदलायच्या खोलीत भाऊजी भिंतीकडे तोंड करून पट्ट्याची गाठ सोडत होते. सुटत नव्हती. माझी भाची आत आली.

"बाबा, तुमचा गुडघा सटकला असं सांगितलंय मी सगळ्यांना."

"अगं, पण माझा गुडघा..."

"बाबा, प्लीज."

भाऊजींनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि लंगडत बाहेर पडले. इतकं हुबेहूब लंगडले की क्लासातली मुलं हळहळत बाजूला झाली. कोणीतरी खुर्ची पुढे केली. भाचीने दारापर्यंत मान वर केली नाही.